पंपाला विसावा

फ्रिजमधून पाण्याची बाटली काढताना बायको मला अजूनही मधूनच विचारते, "तुमचं ते पाणी नेमकं गोठायचं की वाहायचं?" मी दर वेळी खरं उत्तर देतो, की दोन्ही. ते ऐकलं की ती बाटली जरा जोरात ओट्यावर ठेवते. तिच्या माहेरची एक गोष्ट त्या पाण्यात अडकलेली आहे, आणि तिला माझ्याकडून एकाच शब्दाचं उत्तर हवं असतं.

मी भोसरीत, गार-गरम करणारी उपकरणं बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात चाचणी विभागात आहे. राहायला निगडीला, प्राधिकरणात. माझं काम म्हणजे मापकांवरचे आकडे घेणं आणि ते खरे आहेत का हे तपासणं. आकड्यांपुढे विशेषणं लावायची मला सवय नाही. पण या एका पदार्थाबद्दल आकडे सांगूनही लोकांना काही कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोडावॉटरमध्ये जो वायू असतो तो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, चांगल्या वीस-पंचवीस बार दाबाखाली पाण्यात मिसळायचा आणि ते पाणी चार-पाच अंशांपर्यंत गार करायचं. पाण्याचे रेणू त्या वायूभोवती पिंजरे बांधू लागतात आणि पाण्यात बर्फासारखे बारीक पांढरे कण तयार होतात. शून्याच्या वर, बर्फ व्हायच्या आधीच. या कणांना हायड्रेट म्हणतात, आणि कण अधिक पाणी असं जे दाट मिश्रण होतं त्याला आमच्याकडे सगळे स्लरी म्हणतात. वितळताना हे कण खूप उष्णता ओढून घेतात. त्यामुळे नुसतं गार पाणी फिरवण्यापेक्षा ही स्लरी फिरवली, तर त्याच पाइपमधून कितीतरी जास्त गारवा नेता येतो. शिवाय टाकीत भरून ठेवली, तर वीज गेल्यावरही ती गारवा देत राहते.

अडचण आहे ती तिच्या वाहण्यात. शंभरात दहा भाग कण असतील तर स्लरी ताकासारखी असते. पंधरा-सतरा भागांना आंबिलीसारखी. विसाच्या पुढे तिचा स्वभाव बदलतो. जोरात ढकलली तर पातळ होते, हळू ढकलली तर घट्ट होते. वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या खाली गेला, की आमच्या जाडीच्या पाइपात कण तळाशी बसायला लागतात. आणि थांबवली, तर ते कण एकमेकांना धरतात. पिठलं ढवळायचं थांबलं की त्याचा गोळा होतो, तसंच. वाहती ठेवायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा बसलेली स्लरी हलवायला कितीतरी जास्त लागतो. किती जास्त, हे आधी सांगता येत नाही. मी माझ्या अहवालात हे असंच लिहिलं होतं, "आधी सांगता येत नाही". साहेबांनी त्याखाली लाल रेघ मारली होती.

माझी सासुरवाडी महाळुंग्याची. गावातलं जुनं घर. जमिनीचा मोठा भाग कारखान्यांत आणि रस्त्यात गेला, घरामागचा एक तुकडा राहिला. त्या तुकड्यावर माझ्या मेहुण्यानं शीतगृहाची एक खोली बांधली. मेहुणा डिप्लोमा झालेला. तीन कंपन्यांत कंत्राटावर राहिला, आणि तिन्हीकडे सहा-सात महिने झाले की ब्रेक, म्हणजे कामावरून कमी. तिसऱ्या ब्रेकनंतर मला म्हणाला, "दाजी, लोकांच्या मशीनवर लई दिवस उभा राहिलो. आता आपल्या जागेवर आपलं एक मशीन पाहिजे."

आसपासच्या भावकीतली दहा-बारा घरं अजून थोडी शेती करतात. भाजी, झेंडू, शेवंती. त्यांचा माल चार दिवस टिकवायचा, एवढाच त्याचा विचार. पण त्या भागात वीज जाते, आणि वीज गेली की त्याच्या खोलीतलं मशीन बंद. दोनदा माल गेला. त्याच सुमारास आमच्या कारखान्याला स्लरीचा संच खऱ्या खोलीत, खऱ्या वीजकपातीत चालवून पाहायचा होता. मी दोघांची गाठ घालून दिली. खोलीतलं जुनं मशीन काढलं आणि त्या जागी आमची कॉइल, म्हणजे स्लरी फिरवणाऱ्या नळ्यांचं वेटोळं, बसवलं. बाहेर टाकी, स्लरी गार करणारा चिलर आणि दोन लहान पंप. पंप बॅटरीवर. वीज गेली तरी चिलर तेवढा थांबणार, पंप फिरत राहणार.

सासऱ्यांना हे सगळं फारसं पटलेलं नव्हतं. शेजारच्या कंपनीला पुठ्ठ्याची खोकी ठेवायला जागा हवी होती, आणि त्यांचा माणूस दर पंधरा दिवसांनी येऊन चहा पिऊन जायचा. एकदा अंगणातल्या बाजेवर बसून सासऱ्यांनी आम्हा दोघांसमोर निकाल दिला.

"दसऱ्यापातुर बघू. दसऱ्याचा झेंडू टिकला, तर खोली तुजी. म्या मधी बोलायचो न्हाई. न्हाई टिकला, तर शेड कंपनीला. मंग तू बी मधी बोलायचं न्हाई."

"चालंल आबा," मेहुणा म्हणाला.

"पाव्हणं, तुमी साक्षीला."

मी साक्षीला राहिलो.

पुढचे महिने संच चांगला चालला. मी दर रविवारी जायचो. तापमान, दाब, प्रवाह, कणांचं प्रमाण, सगळं अपेक्षेत. वीज जायची आणि खोली सात अंशांवर राहायची. सासरे काठी टेकत यायचे आणि पाइपला हात लावून बघायचे. पाइप गार लागला की त्यांना बरं वाटायचं. मेहुण्यानं लाल रंगानं स्वतः एक पाटी रंगवून पंपावर लावली होती, 'पंप बंद करू नये'. ती वाचून एकदा सासऱ्यांनी मला विचारलं,

"कदीच न्हाई?"

"कधीच नाही, मामा."

"दमत न्हाई त्यो?"

"दोन आहेत. एक थांबला की दुसरा आपोआप लागतो."

"म्हंजी बैलजोडीच की," ते म्हणाले. त्यांना ते आवडलं असावं, कारण नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते "आमची जोडी" म्हणून पंप दाखवू लागले.

पंप कशाकशानं थांबू शकतो, याचा विचार मी पूर्ण केला होता. वीज, मोटर जळणं, जाळी तुंबणं, गळती, उंदरानं वायर कुरतडणं. प्रत्येकावर काही ना काही उपाय केला होता.

आमच्या पट्ट्यात खंडेनवमी कशी असते, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. कारखाने आदल्या दिवसापासून धुऊन निघतात. लेथला, प्रेसला, फोर्कलिफ्टला, गेटवरच्या वजनकाट्यालासुद्धा हळद-कुंकू आणि झेंडूचा हार. पूजा झाली की त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही. वर्षभर राबलेल्या अवजाराचा तो मानाचा दिवस. भोसरीत आमच्याकडेही तसंच. आमच्या चाचणी विभागातली स्लरी मी आदल्या दिवशीच सावकाश उबेवर आणून विरघळवली, वायू काढून घेतला आणि मगच तो संच थांबवला. सकाळी त्याला हार घातला तेव्हा आत साधं पाणी होतं.

महाळुंग्याला हे करता येणार नव्हतं. तिथं खोलीत झेंडूचे क्रेट छतापर्यंत रचले होते. त्या आठवड्यात पाऊस येणार असं वाटल्यामुळे भावकीनं झेंडू लवकर तोडला होता, थोडा ओलाच. मेहुण्यानं घरोघरी जाऊन शब्द दिला होता, की दसऱ्याच्या पहाटे आज तोडल्यासारखा बाहेर काढून देतो. पहाटेचा टेम्पो ठरला होता. टाकीही पूर्ण भरून ठेवली होती, कण शंभरात बावीस. एरवी मी अठराच्या वर जाऊ देत नाही, पण सणाच्या घाईत वीज किती वेळ जाईल याचा भरवसा नव्हता, आणि चालत्या प्रवाहात बावीस सुरक्षित होते. हे मी आजही म्हणेन. चालत्या प्रवाहात.

खंडेनवमीच्या सकाळी मी मेहुण्याला फोन केला. "पूजा लांबूनच करा. हार पाइपला घाला, स्विचला हात नको."

"सांगितलंय दाजी आबांना. दोनदा सांगितलंय. मी जरा चाकणला जाऊन येतो, पहाटेच्या टेम्पोचं एकदा पक्कं करतो."

दुपारी आमच्याकडे नारळ फुटला, प्रसाद वाटला. हातात पेढा असतानाच मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, पंप चालतोय, पण पाणी चालत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पंप घुमतोय. दाबाचा काटा वर गेलाय. पाइप थरथरतोय. पण प्रवाह शून्य दाखवतोय."

"मध्ये बंद होता का?"

त्याचा आवाज बदलला. "आबांनी सकाळी बंद केला होता. पूजेला. मी आल्यावर चालू केला."

"आधी बंद कर. लगेच. आणि पाइप वळतो त्या वाकणापाशी कुणी उभं राहू नका."

मी स्कूटर काढली. मोशीच्या पुढे रस्ता वाहनांनी भरला होता. धुतलेले, हार घातलेले ट्रक आणि बस, बोनेटवर केळीचे खुंट. गर्दी इंच इंच सरकत होती. मनात मी हिशेब करत होतो. सकाळपासून दुपारपर्यंत बंद, बावीस टक्के, पाइपची भिंत पाच अंश. हिशेब कुठूनही केला तरी उत्तर एकच येत होतं.

पोचलो तेव्हा सासरे पंपाशेजारी स्टुलावर बसले होते. पंप असा पुजला होता, की आमच्या कारखान्यात मालकाच्या नव्या मशीनचीही तशी पूजा झाली नव्हती. घासून पुसून लख्ख. दोन्ही पंपांना हळदीची बोटं, कुंकू, अक्षता. दोघांना मिळून एक मोठा हार, जोडीला घालतात तसा. समोर नारळ, विडा, आणि सासऱ्यांचा जुना विळा आणि कुऱ्हाड. लाल पाटीलाही कुंकू लावलेलं.

"मामा, कुठून बंद केला?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. मुख्य खटका. त्या एका खटक्यावर दोन्ही पंप होते, बॅटरीची जोडणी होती, चिलर होता आणि धोक्याची घंटाही होती. विहिरीवरची मोटर आयुष्यभर ज्या तऱ्हेच्या खटक्यानं त्यांनी बंद-चालू केली, तसाच तो खटका होता.

"यानं सांगितलं व्हतं," ते स्वतःच म्हणाले. "न्हाई असं न्हाई. पर चालत्या अवजाराला हळद-कुंकू कसं लावायचं? मान ऱ्हात न्हाई. आमी नवमीला नांगर कवा जुपला न्हाई, घरात विळी चालू दिली न्हाई. म्हनलं, इतकं म्हैनं एक घडी थांबली न्हाईत बिचारी, एक येळ इसावा घेतील. खोली तर गारच व्हती. आन् दार लावलेलंच व्हतं."

मी पाइपवर बोटांनी टिचकी मारत गेलो. पोकळ आवाज, पोकळ आवाज, आणि पहिल्या वाकणापासून भरीव. तिथून कॉइलच्या तोंडापर्यंत भरीवच. सात-आठ फूट.

मेहुणा हातोडी घेऊन आला. मी ती काढून घेतली. मग तो गरम पाण्याची बादली घेऊन आला.

"नाही," मी म्हणालो.

"का नाही? बर्फच आहे ना? गरम पाण्यानं वितळेल."

"बर्फ नाही. वितळला की त्यातून वायू सुटतो. मधोमध तापवलास तर वायूला दोन्हीकडून वाट नाही, दोन्हीकडे बूच आहे. पाइप फाटेल."

"मग एका टोकाचा व्हॉल्व्ह उघडा. वायू सोडा."

"एका बाजूचा दाब काढला, तर दुसऱ्या बाजूचा दाब त्या बुचाला गोळीसारखा मारेल. समोर भिंत येवो नाहीतर माणूस."

"मग काय करायचं?"

"दोन्ही बाजूंचा दाब थोडा थोडा, सारखा उतरवायचा. आणि सगळ्याला आपणहून उबेवर येऊ द्यायचं."

"म्हणजे खोली गरम होऊ द्यायची."

"हो."

"आणि फुलं?"

सांगण्यासारखं एवढंच होतं, की पाइप मोकळा व्हायला ऊब हवी आणि झेंडूला गारवा हवा, आणि दोन्ही गोष्टी एकाच भिंतीच्या आत होत्या.

"दाजी, तुम्ही मला काय काय होईल ते सांगताय," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्यानं, आणि तेच जास्त लागलं. "एक तरी गोष्ट सांगा, जी करायची."

आम्ही करण्यासारखं जे होतं ते केलं. मी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह केसभर उघडून दाब उतरवत बसलो, एक काटा खाली, मग दुसरा खाली. खोलीचं दार सताड उघडं, म्हणजे वायू आत साठू नये. त्या दारातून ऑक्टोबरची दुपार आत शिरत होती, तेही मला दिसत होतं. मेहुण्यानं बर्फाच्या कारखान्यात फोन केला, लाद्या आणून क्रेटमध्ये रचाव्यात म्हणून. फोन स्पीकरवर होता.

"भावा, आज काय बर्फ? मशीन पुजलंय. उद्या ये."

"अहो, माल चाललाय माझा."

"अरे राव, पूजा झाल्यावर बटण कोण दाबणार? मालक मारंल मला."

मग टेम्पोवाला. माल आजच उचल, पहाटेपर्यंत थांबू नको, म्हणून.

"गाडी धुऊन हार घातलाय शेट. नवमीची गाडी दारातून हलवत नाही आपण. पहाटे येतो म्हटलंय ना, चारला दारात उभा."

दुसरा, तिसरा. सगळे नीट बोलले. एकानं तर "दसऱ्याच्या शुभेच्छा" दिल्या. एरवी महाळुंग्यात चोवीस तास प्रेसचे ठोके ऐकू येतात, अंगाखालची बाज हलते. त्या दुपारी एकही ठोका नव्हता. आख्ख्या पट्ट्यातलं प्रत्येक यंत्र हार घालून विसावा घेत होतं, आणि आम्हाला त्यातलं एखादं तरी चालू हवं होतं.

मी साहेबांना फोन केला. ते घरी पूजेत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घाई नाही ना करत आहात?" मी म्हणालो, नाही. "बरोबर करताय," ते म्हणाले. मी बरोबर करत होतो यात शंका नव्हती.

खोली अकरावर गेली, मग चौदा, मग अठरा. गारव्यातून उबेत येणारा ओला झेंडू आधी घाम धरतो. पाकळ्यांवर पाणी दिसायला लागतं. मग क्रेटच्या पोटात हात घातला, की बाहेरच्यापेक्षा गरम लागतं, कारण फुलं श्वास घेतात आणि दाटीत ती ऊब बाहेर पडत नाही. मग तो वास. ताज्या झेंडूचा उग्र नव्हे, कुजक्या गवताचा. मेहुण्यानं अंगणात ताडपत्र्या घातल्या आणि क्रेट उपडे करायला सुरुवात केली. मी व्हॉल्व्ह सोडून उठू शकत नव्हतो. तो एकटा नेत होता. वरचा थर केशरी पडायचा आणि त्यावर मधला थर काळपट, एकमेकांना चिकटलेला. सासरे उठून त्याच्याबरोबर क्रेट धरायला गेले. "तुम्ही बसा आबा," तो म्हणाला. ते पुन्हा स्टुलावर येऊन बसले.

संध्याकाळी भावकीतली माणसं आली. बातमी कुणी दिली कुणास ठाऊक. बायकोची चुलती पुढे झाली, तिचे सगळ्यात जास्त क्रेट होते. तिनं वाकून एक मूठ फुलं उचलली, दाबली, आणि बोटं पदराला पुसली.

"आगं बया! गार पेटीत ठिवलंया, ह्याला काय व्हतंय, म्हनला व्हतास. माज्या परड्यात झाडावर ऱ्हायला असता तरी उद्यापातुर टिकला असता की रं."

"व्हय काकी," मेहुणा म्हणाला.

"पाऊस तर आलाच न्हाई."

"न्हाई आला."

"आन् ह्ये कोन? निगडीचं पाव्हणं व्हय? ह्यांचंच यंतर ना?"

मी हो म्हणालो. तिनं माझ्या हातातल्या व्हॉल्व्हकडे पाहिलं. "काय करताया?"

"हवा सोडतोय."

"सोडा, सोडा," ती म्हणाली, आणि चांगली फुलं वेचायला खाली बसली. बाकीचेही बसले. कुणी भांडलं नाही. कुणाचं फूल कुठलं हे आता कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी एकत्रच वेचलं आणि पाट्यांनी वाटून घेतलं. तीन भागांतला एक भाग निघाला असेल. बाकीचं तिथंच राहिलं.

दिवस बुडताना सासऱ्यांनी मला विचारलं, "पाव्हणं, माज्यानं झालं ह्ये?"

मी काय बोलायला हवं होतं, हे बायकोनं मला नंतर सांगितलं. मी तेव्हा म्हणालो, "मामा, पंप थांबला म्हणून झालं." हे बरोबर होतं. त्यांनी मान हलवली आणि विळा-कुऱ्हाड उचलून घरात नेऊन ठेवली. हार तसाच राहिला.

दसऱ्याच्या सकाळी मी बायकोला घेऊन पुन्हा गेलो. पाइप अजून उबेवर यायचा होता, आणि सणही होता. पहाटे टेम्पो येऊन रिकामा परत गेला होता. घरात आपट्याची पानं ताटात मांडली होती. मेहुणा अंघोळ करून आला, वडिलांच्या हातात पान ठेवून पाया पडला. सासऱ्यांनी त्याचा हात सोडला नाही.

"ऐक. त्यो करार मोडला. माल तुज्यामुळं गेला न्हाई, माज्या हातानं गेला. खोली तुजी. कंपनीच्या मानसाला म्या न्हाई म्हनून सांगतो."

मला वाटलं, आता सुटलं.

"न्हाई आबा," मेहुणा म्हणाला. "करार झेंडू टिकतो का, एवढाच होता. टिकला न्हाई."

"आरं, पर—"

"लोकांनी माझ्या शब्दावर तोडला होता. पुढच्या खेपेला कोण देईल? काकी देईल? कंपनीला हो सांगा."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पाव्हणं, तुमी साक्षीला व्हता. सांगा की त्याला. तुमचं ऐकतो."

मी सांगायला लागलो. म्हणालो, संचात दोष नाही. इतके महिने आकडे नीट आले. मुख्य खटक्याला कुलूप लावू, घंटेची जोडणी वेगळी करू, कणांचं प्रमाण सणालाही अठराच्या वर जाऊ देणार नाही. मी आणखीही बोललो असतो.

"मला माहितीय दाजी," तो म्हणाला. "यंत्रात दोष असता तर बरं झालं असतं. बदलला असता."

मग त्यानं मलाही आपट्याचं पान दिलं, "सोनं घ्या," म्हणाला, आणि गळाभेट घेतली. रीतसर. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, अजून काही बोलाल म्हणून. बसलेली स्लरी हलवायला किती जोर लागतो, हे मला आधी सांगता येत नाही. माणसाचं तर मी कधी मोजलंही नव्हतं. मी पान खिशात ठेवलं.

जेवणं झाल्यावर मी मागे गेलो. अंगणातल्या काळ्या झेंडूवर माश्या होत्या. पाइपवर टिचकी मारली. पोकळ. वाकणापाशी पोकळ, पुढेही पोकळ. बूच आपणहून विरघळलं होतं, कुणी काही न करता, जसं मी म्हणालो होतो तसं. नियमाप्रमाणे एकदा चालवून बघणं भाग होतं. मी मुख्य खटका वर केला. जोडीतला पहिला पंप लागला, हार थोडा थरथरला, आणि प्रवाहाचा काटा उठून आपल्या जुन्या जागी येऊन थांबला. आकडा अगदी बरोबर होता. खोली रिकामी होती.

मागे काठीचा आवाज आला. सासऱ्यांनी येऊन सवयीनं पाइपला हात लावला. पाइप कोमट होता.

"वाहतंय व्हय?"

"वाहतंय, मामा."

"आता बंद केला तर?"

"आता काही होत नाही. नुसतं पाणी आहे."

त्यांनी खटक्याकडे पाहिलं. हात थोडा पुढे केला आणि मागे घेतला.

"तुमीच करा, पाव्हणं," ते म्हणाले.

मी खटका खाली ओढला.